बजेट नाही, पण एक्स्पोजर आहे

२०१४ च्या डिसेंबरात गुगलने हिंदी मजकुरावर अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती सुरू केल्या, तेव्हा आम्हा मराठी ब्लॉगरांना आनंद झाला. दुसऱ्याचं भलं झालेलं पाहून मराठी माणसाला जेवढा होतो, तेवढा झाला. मराठीची पाळी यायला त्यानंतर आणखी काही वर्षं गेली. तोवर मराठीत ब्लॉग लिहिणं ही भाषेची सेवा होती, आणि सेवा करणाऱ्याला उत्पन्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. माझा नवरा बँकेत असल्यामुळे तो विचारायचा. मी विसरल्या गेलेल्या घरगुती पदार्थांवर लिहिते. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये रात्री अकरा वाजता मी फणसाच्या सांदणांवर परिच्छेद रचत बसलेली असे. तो मागे येऊन उभा राही, वाचे, "छान झालंय," म्हणे आणि मग कर्जाच्या अर्जदाराकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहून विचारी, "पण यात पैसे येतात कुठून?"

पुढे मराठीलाही जाहिराती लागल्या, आणि पैसे कुठून येतात ते कळलं. कधी येतात, ते मात्र कळेना. अ‍ॅडसेन्सचा शिरस्ता असा की खात्यात दहा डॉलर जमले की गुगल तुमच्या घरच्या पत्त्यावर टपालाने एक पिन पाठवतं, पत्ता खरा आहे की नाही ते पाहायला. पैसे मात्र शंभर डॉलर भरल्याशिवाय जागचे हलत नाहीत. जगाचा नकाशा खिशात घेऊन फिरणाऱ्या कंपनीला माझ्या पत्त्याची पोस्टमनकडून खात्री करून घ्यावी लागते, याची मला गंमत वाटली होती. दहा आणि शंभर यांच्यामधलं अंतर बघता बघता ती गंमत ओसरली. नारळाच्या दुधावर जीव ओतून लिहिलेल्या लेखाशेजारी सिमेंटची जाहिरात येई आणि तिच्यावर कोणी बोट लावत नसे. सांदणं करणाऱ्या बाईला सिमेंट का लागावं?

एवढं लक्षात आलं की हे यंत्र आपल्याला पोसणार नाही. पोसलं तर माणसं पोसतील: मसालेवाले, भांडीवाले, होमस्टेवाले. आणि ही माणसं, किंवा त्यांच्या वतीने बोलणारी माणसं, भेटतात परिषदांमध्ये. म्हणून मी परिषदांना जाऊ लागले.

ब्लॉगरांची परिषद शनिवारी भरते, कारण सोमवार ते शुक्रवार बहुतेक ब्लॉगर पोटासाठी दुसरं काहीतरी करत असतात. जागा बहुधा कॉलेजचं सभागृह. तिथला एसी एकतर बंद असतो किंवा तो बंद करायचं बटण कुणालाच माहीत नसतं. दाराशी गळ्यात अडकवायला नावाची पट्टी मिळते. पट्टीवरचं आडनाव वेगळंच कुणाचंतरी असतं आणि टी-शर्ट फक्त दोन मापांत शिल्लक असतो, पुतण्याला बसेल असा किंवा पुतण्यासकट आपण आत मावू असा. वर्डकॅम्प असेल तर स्टिकरही मिळतात. वर्डकॅम्प म्हणजे वर्डप्रेस वापरणाऱ्यांचं संमेलन. पहिलं २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलं, २००९ मध्ये दिल्लीला आलं, आणि मग पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर असं फिरत राहिलं. वर्डप्रेसचा एक गुबगुबीत पिवळा शुभंकर आहे, त्याचं नाव वापू. नाशिकच्या एका आजींनी, "वपुंचं काय आहे इथे?" म्हणून त्याची तीन स्टिकर उचलली आणि चित्र पाहून परत ठेवली.

या संमेलनांना तिकीट कमी असतं आणि वक्त्यांना मानधन नसतं. मानधन नसलेला वक्ता ठरलेल्या वेळेत थांबेल, अशी आशा कुणी का करावी हे मला कळलेलं नाही. बोलण्याचं सुख हेच त्याचं मानधन असतं, आणि तो ते पूर्ण वसूल करतो.

आता एक गोष्ट सांगते. ती मी प्रत्येक आयोजकाला सांगते आणि प्रत्येक आयोजक हसून विषय बदलतो. हॅरिसन ओवेन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. १९८० च्या दशकात त्यांनी वर्षभर खपून एक मोठी परिषद भरवली. विषय, वक्ते, बैठका, निवास, सगळं जिथल्या तिथे. परिषद संपल्यावर लोक भेटून सांगू लागले की फार छान झालं, त्यातही कॉफीच्या सुट्ट्या उत्तम. दुसरा कुणी असता तर चिडला असता. ओवेननी विचार केला की मग नुसती सुट्टीच का भरवू नये? १९८५ पासून त्यांनी विषयपत्रिका नसलेल्या सभा भरवायला सुरुवात केली. लोकांनी यायचं, गोल बसायचं, ज्याला जे बोलायचं ते भिंतीवर लिहून लावायचं आणि ज्याला जिथे रस असेल तिथे त्याने जायचं. या पद्धतीत दोन पायांचा नियम म्हणून एक नियम आहे. जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि कुणाला काही देतही नाही, तिथून आपल्या दोन पायांनी उठून दुसरीकडे जावं.

हा नियम महाराष्ट्रात चालत नाही. आपण कंटाळतो, पण उठत नाही. पहिल्या रांगेतला माणूस तर वक्त्याच्या डोळ्याला डोळा भिडल्यापासून जायबंदीच असतो. तो झोपेल, पण जाणार नाही. आपले पाय चालू लागतात ते फक्त 'भोजनोत्तर सत्र' हे शब्द कानावर पडल्यावर, आणि तेही थेट पार्किंगकडे.

संगणकवाल्यांनी ओवेनच्या या कल्पनेला आपलं रूप दिलं. टिम ओरायली या प्रकाशकाकडे निवडक मित्रांचं एक शिबिर भरे, आमंत्रण असेल त्यालाच प्रवेश. ऑगस्ट २००५ मध्ये काही जणांनी आठवडाभराच्या तयारीत पालो अल्टोला सर्वांसाठी खुलं असं दुसरं शिबिर भरवलं. हा पहिला बारकॅम्प. येणाऱ्या प्रत्येकाने काहीतरी बोलावं, नुसतं प्रेक्षक म्हणून येऊ नये, अशी त्याची अट. पुढच्याच वर्षी ही लाट दिल्ली आणि चेन्नईला आली आणि पुण्यातही बारकॅम्प भरले. प्रत्येकाने बोलायचं, कुणी नुसतं ऐकायचं नाही, ही पद्धत पुण्यात बाहेरून आणावी लागली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

या सगळ्या खटाटोपाला हल्ली 'इंटरॅक्टिव्ह' म्हणतात. तिकिटावर तसं छापलेलं असतं. म्हणजे श्रोत्यांनीही भाग घ्यायचा. श्रोत्यांनी मनापासून भाग घेतला तर काय होतं, ते ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात २००८ साली दिसलं होतं. फेसबुकच्या झुकेरबर्गची जाहीर मुलाखत चालली होती. ती श्रोत्यांना आवडेना, त्यांनी आरडाओरडा सुरू केला आणि शेवटी प्रश्न विचारायचं काम सभागृहाकडे द्यावं लागलं. आपल्याकडे इतकी वेळ येत नाही. आपल्याकडे प्रश्नोत्तरांना माइक हातात आला की मागच्या रांगेतले एक सद्गृहस्थ उभे राहतात, "माझा प्रश्न नाही, दोन शब्द आहेत," म्हणतात, आणि इंटरॅक्शन तिथेच आटोपते.

अलीकडे माझ्या वाट्याला आलेल्या परिषदेत एक तरुण सूत्रसंचालक होता. त्याने शिट्टी वाजवली आणि फर्मान काढलं, "शेजारच्याकडे वळा. तीस सेकंदांत आपला ब्लॉग त्यांना विका. युवर टाइम स्टार्ट्स नाऊ!" माझ्या शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. पहिली काही सेकंदं त्यांनी चष्मा पुसला.

"विका म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही काय लिहिता ते सांगा."

"धरणांवर लिहितो. विकत नाही."

मग त्यांनी मला कोयनेचा भूकंप सांगितला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. काका बारा वर्षांचे, पाटणला आजोळी. अंथरुणातून उठून अंगणात कोण कसं पळालं, आजीने देवाऐवजी लोणच्याची बरणी कशी उचलली, आणि दुसऱ्या दिवशी धरण शाबूत आहे हे कळल्यावर आपण इंजिनिअर व्हायचं हे त्यांनी कसं ठरवलं. एव्हाना शिट्टी दोनदा वाजून गेली होती. सूत्रसंचालक पुढच्या खेळाकडे वळला होता. मी आजीच्या लोणच्याची कृती विचारून घेतली.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" काकांनी विचारलं.

"माहेर राजापूर."

"म्हणजे अर्जुना मध्यम प्रकल्प. आणि सासर?"

"ठाणे."

"भातसा," काका समाधानाने म्हणाले. त्यांच्या मनातल्या महाराष्ट्राच्या नकाशावर गावं नाहीतच, फक्त जलाशय आहेत. मागे वळून त्यांनी एका मुलीचीही चौकशी केली. ती नागपूरची निघाली. "पेंच, तोतलाडोह," काकांनी नोंद केली, आणि तिला तिच्याच पिण्याच्या पाण्याचा इतिहास सांगायला घेतला.

इंग्रजी पुस्तकं वाचून आलेली मंडळी याला 'नेटवर्किंग' म्हणतात आणि त्याचे नियम सांगतात. घोळक्यात उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी सोडा, म्हणजे नवख्याला आत शिरता येईल, असा एक चांगला नियम आहे. संगणक परिषदांमध्ये तो पॅकमॅनच्या नावाने ओळखला जातो. मराठी घोळक्यात अशी जागा सोडायची गरज पडत नाही. तिथे बाहेरचा माणूस, "मघाशी तुम्ही चिपळूण म्हणालात का?" असं विचारत आत शिरतो, आणि पाच मिनिटांत त्याची चुलतमामी घोळक्यातल्या कुणाची तरी वर्गमैत्रीण निघते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली 'विरळ नात्यांची ताकद' या विषयावर एक निबंध लिहिला, तो जगभर गाजला. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं की ही ओळखीची व्यक्ती तुम्हाला कितपत भेटते? नेहमी भेटणाऱ्याकडून नोकरी कळली असे जेमतेम १७ टक्के निघाले. ५६ टक्क्यांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळली होती, आणि उरलेल्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण सरळ आहे. रोजच्या माणसाला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. नवी खबर आणतो तो लांबचा. आपल्याकडे मुलीचं स्थळ जवळच्या काकूकडून येत नाही, काकूच्या नणंदेच्या भिशीतून येतं, हे ग्रॅनोव्हेटरला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर त्याचे कष्ट वाचले असते.

तरीही परिषदेला येणारे निम्मे लोक जवळच्याच माणसांच्या मागे असतात. सगळे ब्लॉगर ब्लॉगरांना कार्डं देतात. एक तरुण तर दारापासून मंचापर्यंत कार्डं वाटत आला, नेपथ्यवाल्यालाही त्याने एक दिलं. दुपारी खिसे पाहिले तर प्रत्येकाकडे प्रत्येकाचं कार्ड होतं आणि विकत घेणारा कुणीच नव्हता. अख्खा बाजार विक्रेत्यांनी भरलेला.

गिऱ्हाइकाच्या सर्वांत जवळची व्यक्ती म्हणजे एजन्सीची मुलगी. कंपन्या ब्लॉगरांशी स्वतः बोलत नाहीत. त्या एजन्सीला सांगतात, एजन्सी त्या मुलीला सांगते, आणि ती आपल्याला सांगते की बजेट नाहीये. ती पंचविशीची असते, हातात दोन फोन, दोन्हींची बॅटरी संपत आलेली. बोलते अतिशय गोड. "मॅम, तुमचं कंटेंट ना, खूप ऑथेंटिक आहे. क्लायंटला अगदी असंच रॉ हवंय. फक्त या फेजला बजेट नाही, पण एक्स्पोजर भरपूर मिळेल." एक्स्पोजर या पदार्थाची कृती मी अजून लिहिलेली नाही. किराणा दुकानात ते चालत नाही एवढं खात्रीने सांगू शकते.

बजेट नसलं की बार्टर असतं. म्हणजे मिक्सर घ्या आणि मिक्सरवर लिहा. आमच्याकडे बार्टरचे मिक्सर इतके झाले की ओटा अपुरा पडू लागला आणि जावा-नणंदांच्या वाढदिवसांची चिंता मिटली. यातही पूर्वीची मोकळीक राहिलेली नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये नियम केले की पैसे किंवा वस्तू घेऊन लिहिलंत तर ही जाहिरात आहे असं ठळक दिसेल तिथे लिहा. नियम रास्त आहे. आम्ही सगळ्यांनी त्याला पाठिंबा दिला आणि ठळक म्हणजे नेमकं किती ठळक, यावर वाद घातला.

त्याच्या पुढच्या वर्षी आयकरवाले आले. १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकर कायद्यात १९४ आर हे कलम लागू झालं. धंद्याच्या निमित्ताने वर्षाला २० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या भेटवस्तू कुणी दिल्या तर त्यावर १० टक्के करकपात. लोकांच्या शंका आल्या तेव्हा सरकारने खुलासाही केला. मोटार, मोबाइल, कपडे, सौंदर्यप्रसाधनं वगैरे समाजमाध्यमांवर दाखवण्यासाठी मिळालेली वस्तू काम झाल्यावर कंपनीला परत केली तर ती भेट धरली जाणार नाही. परिषदेत एका सनदी लेखापालांनी हा खुलासा पडद्यावर दाखवला, तेव्हा मघाची नागपूरची मुलगी उभी राहिली. ती लिपस्टिकवर लिहिते. तिने शांतपणे विचारलं, "सर, ओठांना लावून झालेली लिपस्टिक परत कुणाला पाठवायची? अन् ते तिचं काय करतात?" लेखापालांनी पडद्याकडे पाहिलं, खुलासा परत एकदा वाचला आणि पाणी प्यायलं. दिवसभरातला खऱ्या अर्थाने इंटरॅक्टिव्ह प्रसंग हाच.

परिषदेचं खरं काम याच्या पुढच्या तासात झालं. त्या तासाचं नाव कार्यक्रमपत्रिकेत 'लंच' एवढंच होतं.

२००७ साली साउथ बाय साउथवेस्टमध्ये ट्विटर हे नवं प्रकरण लोकांसमोर आलं. ट्विटरवाल्यांनी सभागृहांच्या बाहेर, येण्याजाण्याच्या मार्गांवर मोठे पडदे लावले होते. लोक जाता-येता तिथे थांबून आपलीच बडबड वाचत, आणि त्या दिवसांत रोजचे ट्विट २० हजारांवरून ६० हजारांवर गेले. पडदे आत लावले असते तर समोर वक्ता होता, कुणी वाचलं नसतं. ऑस्टिनला जे बाहेरच्या बोळात घडतं ते आपल्याकडे जेवणाच्या रांगेत घडतं. आमच्या ताटांची थप्पी खाली उतरत होती, पुढे पुलाव संपला होता आणि नवीन येईपर्यंत रांग थांबली होती. थांबलेल्या रांगेइतकी मोकळी जागा मराठी समाजात दुसरी नाही.

मराठी माणूस रेल्वेत समोर बसलेल्या अनोळखी माणसाला आपली साखर सांगतो, जेवणापूर्वीची आणि जेवणानंतरची. फ्लॅटचं क्षेत्रफळ, सुनेचं माहेर, मूळव्याधीचं ऑपरेशन, काही राखून ठेवत नाही. पण एका लेखाचे किती घेता असं विचारा. त्याचा चेहरा मिटतो. "तसं काही फार नाही हो," असं म्हणून तो कोशिंबिरीकडे बघू लागतो. कमी सांगितलं तर लाज वाटते आणि जास्त सांगितलं तर दृष्ट लागते. एजन्सीचा सगळा संसार या लाजेवर चालतो.

त्या रांगेत माझ्यापुढे साताऱ्याच्या एक बाई होत्या. गडकिल्ल्यांवर लिहितात. मागे ती नागपूरची मुलगी, आणि तिच्या मागे नाशिकचं एक जोडपं, द्राक्षमळ्यांतल्या सहलींवर लिहिणारं. आमच्या चारही ब्लॉगांना मागच्या दिवाळीत एकाच फराळाच्या ब्रँडचं काम आलं होतं, एजन्सीच्या त्याच मुलीकडून, हे बोलता बोलता निघालं. मग सगळे गप्प. पुलावाकडे बघतोय असं दाखवायचं तर पुलावही नव्हता.

"पाच आकडी का?" मी हवेला विचारलं.

"छे!" सातारच्या बाई म्हणाल्या. "म्हणजे, चार."

"चारातला वरचा की खालचा?"

"मधला म्हणा."

नाशिकच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. मग तिने पर्समधून सकाळी मिळालेलं कुणाचंतरी कार्ड काढलं, त्याच्या पाठीवर एक आकडा लिहिला आणि आम्हाला दाखवून कार्ड पुन्हा आत टाकलं. दिवसभरात वाटलेल्या शेकडो कार्डांपैकी कामाला आलेलं ते एकमेव. सातारच्या बाईंच्या तोंडून, "अगं बाई!" एवढंच निघालं. आकडा त्यांच्या चौपट होता. नागपूरच्या मुलीला बार्टर म्हणून चकल्या मिळाल्या होत्या. मला मिळालं होतं एक्स्पोजर, आणि डबा.

"पण तुम्हाला एवढे दिले कसे?" नागपूरने विचारलं.

"मागितले," नाशिक म्हणाली. "पहिल्यांदा तिने बजेट नाही म्हटलं. मी म्हटलं, बरं. आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी बजेट आलं."

चार ब्लॉग, चार दर, एकच फराळ. ही माहिती मंचावरच्या कुठल्याही स्लाइडवर नव्हती, आणि असणारही नव्हती, कारण त्या सत्राचे प्रायोजक तेच एजन्सीवाले होते. पुलाव आला तोवर आमचा व्हॉट्सअ‍ॅप गट तयार झाला होता. त्याचं नाव सातारच्या बाईंनी 'पुलाव' ठेवलं, कुणी मोबाइलमध्ये डोकावलं तर संशय नको म्हणून. काकाही रांगेत होते. आपल्यालाही त्यात घ्या म्हणाले. त्यांना दर नको होता, ओळखी हव्या होत्या, आणि सातारची बाई म्हटल्यावर त्यांना उरमोडी धरणाबद्दल बरंच सांगायचं होतं.

गटाचं पुढे काय झालं ते कुठल्याही गटाचं होतं तेच. तिसऱ्या दिवशी सुप्रभात सुरू झालं. काका रोज एका धरणाचं छायाचित्र आणि पाणीसाठ्याची टक्केवारी टाकतात, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. पण मधूनमधून कुणीतरी विचारतं, "अमक्यांचा फोन आलाय, काय सांगू?" आणि तिघं जण आकडा सांगतात. लिहून नाही. फोन करून.

काकांकडून कामाची अपेक्षा मी ठेवलीच नव्हती. धरण आणि सांदण यांचा संबंध काय? दीडेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. "ताई, आमचे साडू राधानगरीकडचे. म्हणजे तसे कागलचे. त्यांचं गुऱ्हाळ आहे. धाकटी सून काकवी बाटल्यांत भरून पुण्या-मुंबईला विकणार म्हणते. तिला लेख हवेत, कृती हव्यात. मी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही त्या दिवशी लोणच्याची कृती नीट लिहून घेतलीत ना, तेव्हाच म्हटलं, ही बाई कामाची."

सूनबाईंचा फोन आला. बोलणं मोजकं. शेवटी तिने विचारलं, "तुमचा दर काय?" हा प्रश्न एवढ्या वर्षांत मला कुणी इतका सरळ विचारला नव्हता. मी पुलावाच्या रांगेतला आकडा सांगितला, शेवटच्या क्षणी घाबरून थोडा कमी करून. ती म्हणाली, "ठीक आहे. निम्मे आगाऊ देते. आणि गूळ पाठवते, तो हिशोबात धरू नका." काम झालं, पैसे आले, गूळही आला. दहा-दहा किलोच्या ढेपा. नवऱ्याने पासबुक पाहिलं, ढेपा पाहिल्या आणि कॅल्क्युलेटर काढला.

"काय करतोयस?"

"एकोणीसशे... एकशे चौऱ्याण्णव आर. गूळ २० हजारांच्या आत बसतोय का बघतोय."

बसला. त्याने पुन्हा पैसे कुठून येतात असं विचारलेलं नाही. पुढची परिषद कुठे आहे, तिथे होस्टेलची सोय आहे का, एवढंच विचारतो. स्वतः यायचं म्हणतो, कारण त्याच्या बँकेला छोट्या उद्योजकांची कर्जखाती हवी आहेत आणि शाखेत बसून ती मिळत नाहीत.

आणि एजन्सीची मुलगी. या दिवाळीत तिचा फोन आला, फराळाचंच काम. मी आकडा सांगितला. ती थबकली. "मॅम, तुम्ही सगळे सेमच आकडा कसा काय सांगताय?"

"योगायोग," मी म्हटलं.

ती हसली. मग जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मॅम, खरं सांगू का? मी पुढच्या महिन्यात नोकरी सोडतेय. स्वतःचं पेज सुरू करणार आहे, लग्नातल्या साड्यांवर. दर काय लावायचा काही कळत नाहीये. तुमचा एखादा ग्रुप वगैरे असेल ना?"

गटात दोन दिवस चर्चा झाली. सातारचा सक्त विरोध होता. नागपूरला चकल्या आठवत होत्या. काकांनी तिचं गाव विचारलं. ती पैठणची निघाली तेव्हा, "जायकवाडी! घ्या, घ्या," म्हणून त्यांचं मत तत्काळ पडलं. शेवटी नाशिकने अट घातली. तिला घेऊ, पण आत आल्या आल्या तिने एकच सांगायचं: मागच्या वर्षीच्या फराळाला कंपनीने एजन्सीला खरोखर किती दिले होते.

तिने सांगितलं. सातारच्या बाईंनी तो आकडा ऐकून गडावर जायचा त्या रविवारचा बेत रद्द केला. नाशिकच्या नवऱ्याने परत छताकडे पाहिलं, असं त्याच्या बायकोने कळवलं. किती ते मला विचारू नका. असल्या गोष्टी लिहून सांगायच्या नसतात. पुढच्या परिषदेला या आणि जेवणाच्या रांगेत माझ्या मागे उभे राहा.